सीडी-फोर मोजणं सोडू नका

एचआयव्हीचं निदान झालं की लगेच गोळी सुरू करायची, हे धोरण आपल्याकडे 2017 मध्ये आलं. तेव्हापासून एक प्रश्न सतत कानावर पडतो: मग आता सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या मदतनीस टी पेशींचा आकडा, मोजायचा कशाला? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, पुरेसा आहे, पेशी मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरचे दिवस संपले, असं परिसंवादांत ठासून सांगणारी मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. उमेदीची वर्षं मी याच मोजणीत घातली, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

या मोजणीचा सुरुवातीचा इतिहास भराभर उरकतो. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून खूण शोधण्याची युक्ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्सने 1941 च्या सुमारास काढली. बारीक छिद्रातून एकेक पेशी सोडून मोजण्याचं पेटंट वॉलेस कुल्टरला 1953 मध्ये मिळालं. पुढे स्टॅनफर्डला लेन हर्झेनबर्गने रंग, लेझर आणि वाहती पेशी यांची सांगड घातली. हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे.

मी रमतो तो 1975 नंतरच्या काळात. केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तितकं तयार करण्याची पद्धत शोधली. त्याआधी सशा-बकऱ्यांच्या रक्तातून काढलेलं प्रतिपिंड दर खेपेला निराळं निघे. पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही, त्यामुळे ती जगभर मोकळेपणाने पसरली. 1982 मध्ये फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य प्रतिपिंडाला जोडता आलं. ते तांबड्या समुद्री शेवाळातून मिळतं. त्या शेवाळाचे भाऊबंद आपल्या गोव्यातल्या हरमलच्या खडकांवरही आहेत. हिरवा प्रकाश पडताच ते नारिंगी चमकतं, आणि इतकं तेजस्वी की पेशीवर रिसेप्टर थोडे असले तरी दिसतात. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1984 मध्ये, लंडन आणि पॅरिसच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एड्सचा विषाणू टी पेशीत शिरतो तो सीडी-फोर या रिसेप्टरला धरूनच. जो रिसेप्टर आम्ही मोजत होतो, तोच विषाणूचा दरवाजा निघाला.

गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला म्हणून, पोलिसांनी नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडून ठेवलं. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकने 1992 मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. त्या काळात रोग्याला फक्त हो की नाही एवढंच कळे. एप्रिल 2004 मध्ये देशात मोफत औषधं सुरू झाली, पुढे ती गोव्यातही आली, आणि सगळं येऊन थांबलं एका आकड्यावर. सीडी-फोर दोनशेच्या आसपास उतरला की औषध, नाहीतर थांबा.

तो आकडा कसा येई ते सांगतो, कारण हाताचं कसब काय असतं ते त्यात आहे. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं पन्नास मायक्रोलिटर रक्त, म्हणजे थेंबभर, रंगीत प्रतिपिंडांच्या ट्यूबमध्ये सोडायचं. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेलं रक्त पुसायचं, नाहीतर आकडा फुगतो. मग ट्यूब तासभर अंधारात ठेवायची, कारण उजेडात रंग विटतो. ट्यूबमध्ये मोजून घातलेले सूक्ष्म मणी असतात. पेशी किती आणि मणी किती, यावरून एका घनमिलिमीटरमधला आकडा निघतो. सीडी-फोर मोनोसाइटवरही थोडा असतो, म्हणून सोबत सीडी-थ्री या टी पेशींच्या खुणेचा दुसरा रंग लागतोच. पुण्याजवळ भोसरीला 1992 मध्ये स्थापन झालेल्या ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडून देशभरच्या प्रयोगशाळांची परीक्षा होई. बंद नमुने येत आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशी जुळवावा लागे. आज वीस-तीस रंगांची यंत्रं मिरवली जातात; दोन रंग नीट लावता येणारा हात मात्र दुर्मीळ झालाय. नव्या मुलांना यंत्राने छापलेला कागद पुरतो. गेट, म्हणजे कोणत्या पेशी मोजायच्या ती सीमारेषा, कुठे पडलंय, ते कुणी बघत नाही.

पेडणे आणि डिचोली हे माझे जुने हट्टाचे तालुके. या मोजणीसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पोचायला पेडण्याचा माणूस पहाटे निघे आणि म्हापसा, पणजी करत येई. एक दिवसाची मजुरी बुडे. डिचोलीकडचे खाणींवरचे ट्रकचालक तर रांगेत नंबर जाईल म्हणून येतच नसत. खाणी 2012 मध्ये बंद पडल्यावर कितीतरी जण कामासाठी परगावी पांगले. मग रक्ताचा नमुनाच का पाठवू नये, असं लोक मला विचारत. पाठवता येतो, पण तो ताजा हवा, खोलीच्या तापमानाला हवा, दोन दिवसांच्या आत मशीनवर चढायला हवा. एका केंद्रातून ट्यूबा थेट बर्फावर ठेवून आल्या तेव्हा मी त्या परत पाठवल्या आणि बोलणी खाल्ली. आजही तेच करीन.

आता मुद्द्यावर येतो. व्हायरल लोड औषध लागू पडतंय का ते सांगतो. माणूस पहिल्यांदा दारात येतो तेव्हा तो किती खचलाय, हे सीडी-फोर सांगतो. दोनशेच्या खाली असलेल्याला क्षय, न्यूमोनिया, मेंदूतली बुरशी यांचा धोका असतो; त्या तपासण्या त्याच आठवड्यात व्हायला हव्यात. उशिरा येणारे रोगी 2017 नंतर संपले, असं म्हणणाऱ्याने एकदा वॉर्डात फिरून यावं.

बोटातून काढलेल्या थेंबावर, वीस मिनिटांत, याच रंगीत प्रतिपिंडांनी सीडी-फोर मोजणारी छोटी यंत्रं आता मिळतात. पेडणे आणि डिचोलीत जिथे एचआयव्हीचं निदान होतं, तिथेच, त्याच दिवशी हा पहिला आकडा निघेल अशी सोय सरकारने करावी, आणि ते यंत्र चालवणाऱ्याला नीट शिकवावं.