शेंगा खायला हिमालयापलीकडून

डिसेंबरच्या सुट्टीत हुबळीला नवनगरातल्या घरी पुण्या-बेळगावहून पोरंसोरं जमली की दोन दिवसांत प्रश्न उभा राहतो, यांना आता न्यायचं कुठे? उणकलचं तळं तर पायाखालचं. पाण्यातल्या विवेकानंदांच्या पुतळ्याला नमस्कार झाला, जलपर्णीच्या कडेने तुरुतुरु पळणाऱ्या पाणकोंबड्या बघून झाल्या, नृपतुंग बेट्टावरून हुबळीही बघून झाली. माझं उत्तर ठरलेलं असतं. पहाटे डबा बांधा, स्वेटर घाला आणि कुंदगोळ-लक्ष्मेश्वरच्या रस्त्याने मागडीला चला.

हे मागडी गदग जिल्ह्यातलं, शिरहट्टी तालुक्यातलं. (बंगळूरजवळचं मागडी वेगळं, तिकडे जाऊन बसाल.) गावाला लागून शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे, जेमतेम ५० हेक्टरांचा. भोवती रान, त्यात शेंगा, ज्वारी, हरभरा. गाडीतून उतरल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, ‘हे बघायला आणलं?’ पण २०२४ साली या साध्या तलावाचं नाव रामसर यादीत गेलं. साऱ्या जगासाठी जपायच्या पाणथळ जागांची ही यादी. ओडिशाचं चिल्का सरोवर तिच्यात आहे, आपलं नाशिकजवळचं नांदूरमध्यमेश्वर आहे. मागडीला तिथवर नेण्यात मोठा वाटा आहे तो एका हिवाळी पाहुण्याचा.

त्याचं नाव पट्टकादंब. हंसाच्या कुळातला, राखाडी अंगाचा, दोन ते तीन किलोंचा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन आडवे काळे पट्टे, मानेवरून उतरणारी पांढरी रेघ, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. रात्री हे थवे रानात चरतात आणि सकाळी तलावावर परततात, म्हणून पहाटे निघायचं. आधी आवाज येतो, नाकातून काढल्यासारखा, एकमेकांना सारखं काही विचारत असल्यासारखा. मग आभाळात बाणाच्या टोकासारखी रांग दिसते. पाण्याजवळ आल्यावर काही पक्षी जे करतात ते दुर्बिणीतून जरूर बघा. उंची झटकन कमी करायची म्हणून ते उडता उडता क्षणभर चक्क उताणे होतात! अंग उलटं, पोट आभाळाकडे, आणि मान मात्र पिळून सरळच ठेवलेली. पुढच्या क्षणी पुन्हा सुलटे, पाय पुढे, आणि छपाक.

नोव्हेंबरात आलेले हे पाहुणे फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. शेंगा काढल्यावर जमिनीत राहिलेले दाणे टिपतात, हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडे खुडणं शेतकऱ्याला कितपत रुचत असेल, हा प्रश्न आहेच. पण हे आले कुठून? आपल्याकडचे पट्टकादंब तिबेटच्या पठारावरून येतात, मंगोलियाच्या तळ्यांवरूनही येतात. मंगोलियात गळ्यात रंगीत पट्टी घातलेले पक्षी कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. मंगोलियातली ती तळी आणि मागडी यांच्यात सरळ रेषेत मोजलं तरी ४,००० किलोमीटरांहून जास्त अंतर भरतं. आणि त्या सरळ रेषेला मध्येच आडवा येतो हिमालय.

“मामा, त्यांना दम लागत नाही?” आमच्या भाचीने विचारलं.

प्रश्न पोराचा, पण या प्रश्नामागे शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या लागल्या. या मुलखात दमसासाची गोष्ट निघते ती गाण्याच्या संदर्भात. मागडीच्या वाटेवरचं कुंदगोळ म्हणजे सवाई गंधर्वांचंच गाव. पण इथे दमसासाचा हिशेब अक्षरशः जीवन-मरणाचा आहे. ५,५०० मीटर उंचीवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, ९,००० मीटरांवर जेमतेम एक-तृतीयांश. एव्हरेस्टला जाणारा माणूस कित्येक आठवडे टप्प्याटप्प्याने शरीराला सवय लावत वर सरकतो, तरी बहुतेकांना पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी लागतातच. तिथे बसून राहणंही अवघड, आणि पंख मारून उडणं हा तर पक्ष्याच्या आयुष्यातला सगळ्यात दमवणारा व्यायाम. त्यात विरळ हवेची दुसरी खोड अशी की ती पंखांना आधारही कमी देते. म्हणजे ताकद जास्त लागते आणि ऑक्सिजन मात्र कमी मिळतो, दोन्ही एकाच वेळी.

मग वाऱ्यावर तरंगत जात असतील? करकोचे तसंच करतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून ते फुकटात उंची मिळवतात. समुद्रावर तशी हवा चढत नाही, म्हणून युरोपातले करकोचे आफ्रिकेला जाताना भूमध्य समुद्र मधून ओलांडत नाहीत. जिब्राल्टर नाहीतर बॉस्फरसच्या चिंचोळ्या वाटेने वळसा घालतात. पट्टकादंबाचा कारभार याच्या अगदी उलट. २०११ साली लुसी हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाशी बोलणारी यंत्रं पाठीवर बांधलेल्या पट्टकादंबांचा प्रवास प्रसिद्ध केला. त्यातले काही पक्षी मंगोलियातले, काही चिल्काचे आणि काही थेट तमिळनाडूतल्या कुन्तनकुलमचे होते. दिसलं असं की हिमालयाच्या दक्षिणेकडून वर चढताना हे पक्षी पाठीमागच्या वाऱ्याची वाट बघत नाहीत. उलट वारा पडलेला असतो त्या वेळी, रात्री किंवा पहाटे निघतात, आणि सात-आठ तासांत ४,००० ते ६,००० मीटर उंची गाठतात. पंखांच्या जोरावर! सवयीसाठी मुक्काम नाही की काही नाही.

रात्रच का? थंड हवा दाट असते. दाट हवेत पंखांना आधार जास्त, ऑक्सिजनही थोडा जास्त, आणि दुपारी डोंगरात उठणाऱ्या वावटळी नाहीत. प्रवासाची वेळ किती नेमकी निवडलेली आहे बघा.

पट्टकादंब एव्हरेस्टच्या शिखरावरून उडतात, अशी गोष्ट फार वर्षं सांगितली जायची. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले जॉर्ज लोव यांनी तसे पक्षी बघितल्याचं सांगितलं होतं. ऐकायला फारच झकास, पण यंत्रांनी सांगितलेलं खरं मला त्याहून अद्भुत वाटतं. चार्ल्स बिशप यांच्या चमूने मंगोलियात पक्ष्यांच्या पोटात छोटी यंत्रं बसवली, हवेचा दाब, हृदयाचे ठोके, पंखांची हालचाल आणि शरीराचं तापमान टिपणारी. ती परत मिळवायला पक्षी पुन्हा पकडावा लागतो. हिमालय ओलांडणाऱ्या पक्ष्याला पकडणार कसा? तर उन्हाळ्यात त्याची पंखांतली मोठी पिसं एकदम झडतात आणि जवळजवळ महिनाभर त्याला उडताच येत नाही! तेवढ्यात गाठायचा.

२०१५ साली या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्याआधी उपग्रहाने माग काढलेल्या पट्टकादंबांची सगळ्यात जास्त उंची ७,२९० मीटर निघाली होती. पण पक्षी एकदा वर गेला की वरच राहिला, असं नव्हतं. तो डोंगर आला की चढायचा, दरी आली की खाली उतरायचा, पुन्हा चढायचा. जमिनीला बिलगून, वर-खाली, वर-खाली. आपल्याला वाटेल हा काय वेडेपणा, मेहनतीने मिळवलेली उंची सोडायची कशाला? पण हिशेब करून बघितला तर तोच बरोबर निघतो. विरळ हवेत पंख थोडे जरी जलद मारावे लागले तरी खर्च भसाभस वाढतो. पंखांचे ठोके ५ टक्क्यांनी वाढले तर शक्ती सुमारे ४१ टक्के जास्त लागते. म्हणून उतरून दाट हवेत उडणं आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा चढणं, हेच शेवटी स्वस्त पडतं.

आता भाचीच्या प्रश्नाचं आतलं उत्तर. पक्ष्यांची फुप्फुसंच मुळी आपल्याहून निराळी. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे ताजी आणि वापरलेली हवा मिसळते. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसांच्या पुढे-मागे हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. ही सोय तुमच्या खिडकीतल्या चिमणीलाही आहे. पट्टकादंबाची फुप्फुसं त्यातही मोठी, श्वास खोल, छातीच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं जास्त दाट. आणखी एक गंमत आहे. उंचावर माणूस जोरजोरात श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. पट्टकादंबाच्या मेंदूचा रक्तपुरवठा अशा वेळीही टिकून राहतो.

आणि रक्त? रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिनची रचना उलगडल्याबद्दल १९६२ चं नोबेल मिळवणारे मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ साली या पक्ष्याच्या हिमोग्लोबिनवर बोट ठेवलं. त्यातल्या अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं असतात. इतर हंसांत ११९ व्या जागी प्रोलिन असतं, पट्टकादंबात अ‍ॅलानिन. एवढ्याशा बदलाने हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड घट्ट होते. पुढच्या प्रयोगांनी ते खरं ठरवलं.

पण चाणाक्ष वाचकाच्या मनात इथे शंका यायला हवी. पकड घट्ट, तर मग सोडायचं कसं? गवळ्याने गोठ्यात चरवी काठोकाठ भरून घेतली, पण दारात आल्यावर भांड्यात दूध ओतायलाच तयार नाही, तर त्या दुधाचा उपयोग काय? याचं उत्तर तापमानात आहे. गार रक्त ऑक्सिजन घट्ट धरतं, गरम रक्त तो सोडतं. हे थोडंफार सगळ्याच प्राण्यांत होतं, पण पट्टकादंबात हा फरक ठळक आहे. बर्फाळ हवा फुप्फुसात आली की तिथलं रक्त गार होऊन ऑक्सिजन ओढून घेतं. तेच रक्त राबणाऱ्या, तापलेल्या स्नायूत पोहोचलं की ऑक्सिजन सोडून देतं. हिमालयातली ती जीवघेणी थंडी या पक्ष्याच्या कामीच येते!

२०१३ साली ही गोष्ट मांडणाऱ्यांत एक होत्या जेसिका मीर. उडत्या पक्ष्याच्या अंगात काय चाललंय ते त्यांना प्रत्यक्ष मोजायचं होतं. त्यासाठी पक्षी वाऱ्याच्या बोगद्यात, तोंडावर मुखवटा घालून, एका जागी उडत राहायला हवा. रानातला पक्षी हे कशाला ऐकेल? म्हणून मीर यांनी अंड्यातून नुकती बाहेर आलेली पिल्लं स्वतः वाढवली. हंसाचं पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला पहिल्यांदा बघतं त्याला आई मानतं, आणि या पिल्लांनी मीर यांना आई मानलं. त्या चालायच्या, पिल्लं मागे. पुढे त्या सायकलवर आणि स्कूटरवर, आणि मोठी झालेली पिल्लं शेजारून उडत. मग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ही मंडळी वाऱ्याच्या बोगद्यात शिरली.

मुखवट्यातून ऑक्सिजन कमी कमी करत नेला, साध्या हवेतल्या २१ टक्क्यांवरून पार ७ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९,००० मीटरांवर मिळेल तेवढा. तरीही काही पक्षी उडले. हृदय धडधडून फुटायला आलं असेल, असं वाटतं ना? ठोके नेहमीच्या उड्डाणाइतकेच राहिले. पक्ष्यांनी आपला खर्चच कमी केला, कमी ऑक्सिजनमध्ये भागवलं, आणि त्यांचं रक्तही गार झालेलं आढळलं. सप्टेंबर २०१९ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच महिन्यात या हंसांची आई आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात जाऊन पोहोचली! १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कॉक यांच्यासोबत त्यांनी अवकाशात पाऊल ठेवलं. दोघी स्त्रियांनीच केलेला तो पहिला अवकाश-फेरफटका. पिल्लं ९,००० मीटरांच्या हवेत, आई ४०० किलोमीटरांवर. अशी कथा कोणी रचली असती तर संपादकाने ‘अति झालं’ म्हणून परत पाठवली असती.

भाचीला यातलं किती कळलं कोण जाणे, पण ‘स्कूटरवाली आई’ तिला फार आवडली. पुण्याला गेल्यावरही हा पक्षी बघायचा असेल तर उजनी जलाशय आहे, मराठवाड्यात जायकवाडी आहे.

मागडीला जायचं तर सूर्य वर येण्याआधी काठावर हजर राहा. भडक कपडे नकोत, काठाने धावणं नको, आणि ड्रोन तर नकोच नको. दुर्बीण एक असली तरी चालेल, आळीपाळीने बघता येतं. थवा पाण्यावर स्थिरावला की घाईघाईने फोटो काढत सुटू नका. एकेका पक्ष्याची मान नीट तपासा. गळ्यात रंगीत पट्टी दिसली तर तिचा रंग आणि तिच्यावरची अक्षरं-आकडे लिहून घ्या, तलावावरच्या वन खात्याच्या माणसाला किंवा ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाला सांगा. पक्षी मानेला हिसके देतो, पट्टी चिखलाने भरलेली असते, मधलं अक्षर बी आहे की आठचा आकडा यावरून दोन पोरांत हमखास भांडण होतं. होऊ द्या. तेवढ्यात तिसऱ्याला दुर्बीण मिळते.