‘फॉर्म भरून आणा’ म्हणजे फील्डवर्क नव्हे

सार्वजनिक आरोग्यात एमपीएच ही पदव्युत्तर पदवी करणारी मुलं गावाकडे निघाली की हमखास ऐकू येतं, ‘‘काही नाही हो, फॉर्म भरून आणायचेत!’’ शिकवणारेही असंच बोलतात, तेव्हा संताप येतो.

तो फॉर्म घेऊन डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या तेलगावच्या आसपासच्या वस्त्यांवर जाऊन बघा. टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. दारांना कुलपं, नाहीतर घरात आजी आणि शाळेतली नातवंडं. विद्यार्थी ‘घर बंद’ लिहून पुढे सरकतो. ज्या गरोदर बाईची तपासणी चुकते, ज्या तान्ह्याची लस राहते, नेमकी तीच माणसं यादीतून गळतात आणि अहवालात गावाचं लसीकरण झकास दिसतं.

मग गेलेली माणसं शोधायची कुठे? कारखान्यांजवळच्या कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर. साखर कारखाना तर तेलगावातही आहे. पण कोप्यांवर सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही, मंडळी पहाटेच फडात गेलेली असतात. संध्याकाळी जावं, तर मुकादम शेजारी उभा असताना खाड्याबद्दल, म्हणजे काम चुकलं की कापल्या जाणाऱ्या दंडाबद्दल, कोण बोलणार? तो नसताना, चुलीपाशी बसून एखाद्या मुलीने विचारलं, की बाया बोलतात: फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत पोट दुखलं म्हणून बसलं तर खाडा कापतात.

ही उत्तरं नसतील तर पुढचा आकडा एवढा मोठा का, हे कळणारच नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक! २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयोगटात, राज्याचं प्रमाण शंभरात तीनहूनही कमी होतं.

‘दवाखान्यातल्या नोंदी पुरे आहेत’ हाही असाच गैरसमज. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलंय.

‘हे डॉक्टरांचंच काम’? जामखेडला आरोळे दांपत्याने १९७०च्या दशकापासून गावातल्या निरक्षर बायकांनाही आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ‘एक शिबिर घेतलं की झालं’? शिबिर संपल्यावर बाईचा रक्तदाब कोण बघणार?

बीडला विद्यार्थी पाठवायचेत ना? मग हंगामात कोप्यांवर पाठवा, आणि टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, त्याच बायांच्या घरी पुन्हा पाठवा.