एक कडा, सहा सदरे

अंगावर ल्यावयाच्या वस्त्रावर निसर्गदृश्य रंगविण्याची कल्पना मोहक असली तरी कठीण आहे. कारण चौकटीतले चित्र भिंतीवर निश्चल असते, आणि टी-शर्टावरचे चित्र श्वासाबरोबर हलते, माणूस बसला की दुमडते व धुण्याच्या बादलीत वारंवार जाऊन येते. त्यातून हा पोशाख मूळचा आतला. अमेरिकी नौदलाने 1913 च्या सुमारास गणवेशाखाली घालावयास स्वीकारलेली ही सुती बनियन, आणि तिचे होजिअरीचे कापड उभ्याआडव्या धाग्यांचे नसून एकमेकांत अडकलेल्या फासांचे असल्यामुळे ते ताणले जाते, विशेषतः आडवे.

हाताने रंगविलेल्या अशा सदऱ्यांचा संच योजताना पहिल्यावर रायगड, दुसऱ्यावर महाबळेश्वर, तिसऱ्यावर कासचे पठार असा शिरस्ता पडला आहे. माझ्या मते ती प्रवासाची यादी झाली, संग्रह नव्हे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात राहून तोच जलाशय व तीच झाडे निरनिराळ्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगवीत राहिले, हा दाखला डोळ्यांपुढे ठेवून मी अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे एकच स्थळ निवडले, आणि वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, भाद्रपद, आश्विन व पौष अशा सहा महिन्यांचे सहा सदरे योजिले.

या कड्याची रचनाच शिवणीला अनुकूल आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर बसून झालेला हा बेसाल्ट पश्चिमेस एकाएकी तुटतो, आणि तोही सरळ नव्हे, तर आत वळलेल्या अर्धवर्तुळात. म्हणून सदऱ्याच्या पुढच्या बाजूस देशावरचे गवताळ माथे, पाठीवर खाली पसरलेले कोकण, आणि काखेपासून खाली उतरणारी बाजूची शिवण म्हणजे कड्याची धार, अशी मांडणी केली. क्षितिजाची रेषा पोटावर घेऊ नये, तिथे घड्या पडतात. ती छातीच्या वर, खांद्यांच्या उताराशी जुळवून घ्यावी. आश्विनाच्या सदऱ्यात इंद्रवज्र आहे. सूर्य पाठीशी असता दरीतल्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचे वर्तुळ उमटते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी या गडावर ज्याची नोंद केली तेच हे दृश्य. दरी पाठीवर असल्याने ते घालणाऱ्याला दिसत नाही, मागून येणाऱ्यास दिसते, आणि मला ते तसेच हवे होते.

रंगकामात मला कापडानेच शिकविले. पहिला सदरा न धुता रंगविला. धुतल्यावर तो आटला आणि रंगविलेला भाग तेवढा न आटल्याने क्षितिज चुरगळले. तेव्हापासून कोरे कापड आधी धुऊन खळ व तेलकटपणा काढणे, आणि पाठीवर रंग झिरपू नये म्हणून आत पुठ्ठा सरकविणे, यांत हयगय केली नाही. पातळ रंग ओल्या कापडावर फासांच्या वाटेने आपोआप पसरतो, म्हणून आषाढातले धुके ओल्यावर सोडावे; कातळ मात्र कोरड्या कापडावर, जवळजवळ सुक्या कुंचल्याने घासून काढावा. जाड लेपाचा मोह सर्वांत घातक, कारण खालचे कापड ताणले की वरचा थर तडकतो. त्यामुळे कापडाच्या मूळ रंगासच कामास लावणे श्रेयस्कर : आषाढासाठी करडे कापड, वैशाखाच्या जळलेल्या गवतासाठी बदामी, जिथे निम्म्याहून अधिक सदरा मी कुंचला न लावता तसाच ठेवला. भाद्रपदात मात्र सोनकीच्या पिवळ्या फुलांवाचून गत्यंतर नव्हते. ती टिंबांनी, एकेक करून, दोन दिवसांत पुरी केली. सहांपैकी पौषाचा सदरा मला सर्वांत साधला असे वाटते : तीन निळ्या रेषा, दूर होत जाणारे डोंगर, आणि बाकी पांढरे कापड.

रंग पुरता वाळल्यावर, एक दिवस जाऊ देऊन, आतल्या बाजूने वाफ न सोडता गरम इस्त्री फिरवावी लागते. त्या उष्णतेनेच रंगातला चिकट द्रव धाग्याशी पक्का होतो. असा सदरा कोणाच्या घरी आला, तर त्याने तो उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवावा, पिळू नये, आणि सावलीत वाळत घालावा.