अर्ध्या पावसाचा हिशेब
शहरे आणि त्यांचे पाणलोट : लेखांक सहावा

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या हिशेबात ०.५ हा एक छोटासा आकडा आहे. विटांच्या कमानी, मोऱ्यांची रुंदी, समुद्राकडचा उतार हे सारे त्याच्यावर बेतलेले. त्याचा अर्थ सरळ आहे : पडलेल्या पावसातले निम्मेच पाणी वाहत गटारापर्यंत येईल, बाकीचे निम्मे जमीन पिऊन टाकेल. अभियंते याला अपधाव गुणांक म्हणतात.

ज्या शहरासाठी तो धरला, त्या शहराला तो शोभत होता. गिरगावातली फणसवाडी, केळेवाडी ही नावे अजून त्या मुंबईची साक्ष देतात. वाड्या होत्या, खाजणे होती, चाळीपुढचे अंगण मातीचे होते. पुढे वाड्यांवर इमारती आल्या, खाजणात भराव पडला, आणि उरलेसुरले आवारही सोसायट्यांनी पेव्हर ब्लॉकने झाकून टाकले. जमीन पाणी प्यायची थांबली, तरी मोऱ्यांची रुंदी मात्र तीच राहिली.

या बदलाची किंमत एका हेक्टरवर मोजून बघण्याजोगी आहे. जुन्या मापानुसार जलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलायच्या, तोही ओहोटीच्या वेळी. एका हेक्टरवर २५ मिलिमीटर म्हणजे तासाला २५० घनमीटर पाणी. निम्मे मुरले तर गटाराच्या वाट्याला १२५. आता नव्या मापाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला आणि थेंबही मुरत नाही असे मानले, तर पाणी होते ५०० घनमीटर. पाऊस दुप्पट धरला, पण गटार चौपट लागते. त्यातली एक दुप्पट आभाळाची; दुसरी शहराने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली.

हे नवे माप ‘ब्रिमस्टोवॅड’ या अहवालातले. १९८५च्या पुरानंतर महापालिकेने हा अभ्यास करवून घेतला आणि १९९३ साली तो हाती आला. अहवाल चांगला होता, पण पैशांअभावी बरीच वर्षे कपाटात राहिला. २६ जुलै २००५च्या महापुरानंतरच त्याला खरी गती मिळाली. २००७ मध्ये केंद्राने त्यासाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले.

नाले रुंद केले तरी एक अडचण उरतेच, ती समुद्राची. शहराचे पावसाळी पाणी ज्या तोंडांतून समुद्रात, खाडीत किंवा नदीत पडते, त्यांना पातमुखे म्हणतात. अशा १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत आणि १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीतही उघडी राहतात ती फक्त सहा. म्हणजे उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की पाणी बाहेर जायचे राहते आणि त्याच वाटेने समुद्र आत शिरू पाहतो. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली पम्पिंग स्टेशने याच तासांसाठी उभी राहिली. पातमुखाची दारे लावायची आणि साठलेले पाणी उपसून पलीकडे फेकायचे. मोगरा आणि माहुल ही उरलेली दोन केंद्रे जागेच्या तिढ्यात वर्षानुवर्षे अडकली.

उभ्या राहिलेल्या स्टेशनांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. ऐकायला प्रचंड वाटते. पण एका चौरस किलोमीटरवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहिला, तर सेकंदाला सुमारे १४,००० लिटर पाणी जमते. एवढ्याशा तुकड्यासाठी दोन पंप अपुरे पडतात. पंप आवश्यक आहेत, यात वाद नाही. मात्र पंपांच्या भरवशावर सगळी जमीन झाकता येईल हा समज या गणितात टिकत नाही.

२६ जुलैचा दिवस तर कोणत्याच मापात बसणारा नव्हता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला जेमतेम ७३. सांताक्रूझच्या एका तासात १९० मिलिमीटर कोसळले, आणि दुपारची भरतीही त्याच वेळी आली. मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. त्या सगळ्यावर सांताक्रूझइतका पाऊस धरला, तर पाणी होते जवळपास ६ कोटी ९० लाख घनमीटर, म्हणजे काठोकाठ भरलेले अडीच विहार तलाव. हे पाणी ज्या नदीने न्यायचे, तिला विमानतळापाशी काटकोनात वळवलेले होते आणि मुखाजवळच्या तिच्या पाणथळ जागेवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने पुढे एकेक पाणलोट वेगळा धरून तपासला, ते म्हणूनच महत्त्वाचे. पाणी वॉर्डांच्या हद्दी पाळत नाही.

एवढे पाणी वाहून नेणारा नाला कुठलेच शहर बांधू शकणार नाही. मग खरा प्रश्न उरतो : काही तास पाणी थांबवायचे कुठे? आराखड्यात याचे उत्तर नसले, तर पाणी स्वतःच जागा शोधते, आणि ती जागा बहुधा खोलगट भागातल्या गरिबाचे घर असते.

दादर-परळच्या हिंदमाता चौकात या प्रश्नाचे थोडे उत्तर मिळाले आहे. बशीसारख्या खोलगट असलेल्या या चौकाने पिढ्यान्‌पिढ्या गुडघाभर पाणी पाहिले. अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या झेवियर मैदानाखाली भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. भरतीच्या वेळी रस्त्यावरचे पाणी तिथे नेऊन ठेवतात, ओहोटी लागली की सोडतात. वर मुले खेळतात, खाली पाणी आपली पाळी येण्याची वाट बघते. ही दिशा योग्य आहे, पण पाणलोटाच्या मानाने ती ओंजळभरच.

पाणलोटाच्या मापाने हे काम जपानमधल्या त्सुरुमी नदीवर झाले. टोकियो-योकोहामाच्या कुशीतली ही नदी ४२.५ किलोमीटर लांब, तिचा पाणलोट २३५ चौरस किलोमीटर. १९५८ मध्ये त्यातला दहावा हिस्सा शहरी होता. आज सुमारे ८५ टक्के आहे. १९५८च्या वादळात वीस हजारांहून अधिक घरांत पाणी शिरले, आणि १९८० पासून नदी, गटारे व जमीन यांचा एकत्र आराखडा सुरू झाला. नदीकाठी ३९ लाख घनमीटर पाणी मावेल असे सखल क्षेत्र राखले आहे आणि योकोहामाचे मोठे स्टेडियम त्यातच खांबांवर उभे आहे. १२ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री हागिबिस वादळात नदी या क्षेत्रात उतरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्टेडियममध्ये जपान आणि स्कॉटलंड यांचा रग्बी विश्वचषकाचा सामना झाला.

स्टेडियमची गोष्ट जगभर सांगितली जाते. तिच्याहून मोलाचा आहे तो तिथला एक कायदा, आणि त्याखाली त्सुरुमीचा पाणलोट आला तो मुंबई बुडाली त्याच २००५ साली. मुंबईतही नव्या इमारतींना पर्जन्यजल संचय सक्तीचा आहे, पण त्यामागचा विचार मुख्यतः टंचाईचा. त्सुरुमीचा नियम पुरासाठी आहे : एक हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक मुरणारी जमीन झाकायची असेल, तर आधी परवानगी घ्यायची, आणि ती जमीन पीत होती तेवढे पाणी आपल्याच आवारात थोपवण्याची किंवा मुरवण्याची सोय करायची. ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते, ते पुढच्या लेखांकात.