बॅम्बीचं रान रंगवणारा माणूस

डिस्नेचा 'बॅम्बी' पाहिलेल्यांना हरणाचं पाडस आठवतं, त्याची आई आठवते, बंदुकीचा आवाज आठवतो. रान कुणाचं, हे सहसा कुणी विचारत नाही. श्रेयनामावलीतही टायरस वाँग हे नाव पार्श्वभूमी रंगवणाऱ्या चित्रकारांच्या रांगेत येतं. खरं तर अख्ख्या चित्रपटाचं रूप ठरलं ते त्यांच्या चित्रांवरून.

वाँग यांचा जन्म १९१० सालचा, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातला. १९२० मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेला निघाले. मागे राहिलेली आई आणि बहीण त्यांना पुन्हा कधीच भेटल्या नाहीत. चिनी मजुरांना १८८२ च्या कायद्याने अमेरिकेचं दार बंद होतं. पण १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची दप्तरं जळाली आणि खोट्या कागदांवर कुणाचा तरी मुलगा म्हणून आत शिरायची वाट निघाली. अशांना 'कागदी मुलगे' म्हणत. वाँग त्यांतलेच. एंजल आयलंड बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात हे पोर वडिलांविना काही आठवडे अडकून पडलं, चौकशीत पाठ केलेली उत्तरं देत. कागदांवरचं नाव होतं लुक ताय याओ. शाळेत त्यातल्या 'ताय याओ'चं 'टायरस' झालं.

वडील सुलेखन गिरवून घेत. शाई परवडत नसे, म्हणून वर्तमानपत्रावर पाण्याने. पुढे लॉस एंजेलिसच्या ओटिस कलासंस्थेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथे शिकताना त्यांनी झाडलोटही केली.

१९३८ मध्ये ते डिस्नेत लागले ते इनबिटवीनर म्हणून. मुख्य चित्रकार हालचालीची सुरुवात आणि शेवट काढणार, मधली सगळी चित्रं यांनी भरायची. डोळे शिणवणारं, कंटाळवाणं काम. तेवढ्यात 'बॅम्बी' अडल्याचं त्यांच्या कानावर आलं. आधीच्या चित्रांत पानन्‌पान रेखलेलं असल्याने हरणंच त्या गर्दीत हरवत होती. वाँग यांनी 'बॅम्बी'ची मूळ कादंबरी वाचली आणि छोटी छोटी रंगचित्रं करून दाखवली. मधोमध थोडा तपशील, कडांना नुसता विरघळत गेलेला रंग. धुकं, ओल, एखादा उजेडाचा पट्टा. सुंगकालीन चिनी निसर्गचित्रांचा अभ्यास इथे कामी आला. ज्यांनी जलरंगात हात बुडवला आहे त्यांना यातली अवघड गोष्ट लगेच कळेल: कुठे थांबायचं ती. वॉल्ट डिस्नेंना हे रान पसंत पडलं, आणि बाकीच्या चित्रकारांनी त्या वळणाने रंगवायचं ठरलं.

बक्षीस काय मिळालं? डिस्नेतल्या चित्रकारांच्या १९४१ च्या संपानंतर नोकरी गेली, तीही संपात नसताना. 'बॅम्बी' १९४२ मध्ये पडद्यावर आला तेव्हा ते डिस्नेत नव्हते. मग वॉर्नर ब्रदर्समध्ये १९६८ पर्यंत त्यांनी 'रिबेल विदाउट अ कॉज'सारख्या चित्रपटांसाठी दृश्यं रेखाटली. जोडीला भेटकार्डं. निवृत्तीनंतर सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर स्वतः बनवलेले पतंग उडवण्याचा छंद. हा माणूस कडवटपणात अडकला नाही, हे मला त्यांच्या चित्रांइतकंच मोठं वाटतं.

डिस्नेने त्यांना 'डिस्ने लेजंड' हा सन्मान दिला तो २००१ मध्ये, नव्वदीत. २०१६ च्या डिसेंबरात, १०६ व्या वर्षी ते गेले. पामेला टॉम यांनी त्यांच्यावर केलेला 'टायरस' हा माहितीपट मिळाला तर जरूर पाहा. पण त्याआधी 'बॅम्बी' पुन्हा लावा आणि या वेळी हरणांकडे थोडं दुर्लक्ष करा.