मन्याडकाठचे खेकडे

अहमदपूर परिसरात मन्याड नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी बिळे करून राहणारा काळपट, मोठा खेकडा दख्खनच्या पठारावर दूरवर आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव बॅरिटेलफ्युसा क्युनिक्युलॅरिस. कर्नल साइक्स यांच्या दख्खनमधील निरीक्षणांसह त्याचे वर्णन १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. ओढा आटला की हा खेकडा ओल गाठण्यासाठी बीळ खोल नेतो आणि पहिल्या पावसात बाहेर पडतो. रात्री बॅटरी घेऊन लोक त्याला धरायला निघतात तेही तेव्हाच.

नेमकी त्याच सुमारास माद्यांच्या पोटाशी अंडी-पिल्ले असतात. खेकडा उलटा केला की नराच्या पोटावरची पट्टी अरुंद दिसते, मादीची रुंद आणि गोलसर. त्या पट्टीखाली मादी अंडी सांभाळते. खाडीतली चिंबोरी लाखो अंडी घालते. ओढ्यातल्या मादीची अंडी फार तर काही शे. अंड्यातून अळी नव्हे, थेट इवलासा खेकडाच निघतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. अशी एक मादी टोपलीत पडली की तिची सगळी वीण गेली.

पण दोष केवळ पकडणाऱ्यांचा नाही. वाळूउपशाने आणि यंत्राने केलेल्या नाला-खोलीकरणाने बिळांचे काठच खरवडले जातात. शेतातली कीटकनाशके पावसाबरोबर ओढ्यात उतरतात. कीटक आणि खेकडे दोन्ही संधिपाद असल्याने हे विष खेकड्यालाही मारते. शिवाय, २००९ च्या जागतिक आढाव्यात गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या १,२८० जातींपैकी जवळपास निम्म्यांबद्दल पुरेशी माहितीच आढळली नाही.

ओढ्यात विष कालवून मासळी मारण्यावर १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली होती आणि त्यात कवचधारी जलचरही मासळीतच धरले होते. समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला जून-जुलैत बंदी असते. ओढ्यातल्या खेकड्याला असा विसावा नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात २००८ पासून माद्यांच्या पकडीवर कडक मर्यादा आली आणि पुढच्या काही वर्षांत खेकडे पुन्हा वाढले. मन्याडकाठी तर माद्या वाचवण्यासाठी सरकारी आदेशाचीही वाट पाहायला नको. ग्रामसभेने ठरवावे आणि धरणाऱ्याने खेकडा उलटा करून पाहावा; पट्टीखाली अंडी किंवा पिल्ले दिसली तर मादी तिथेच सोडून द्यावी.