एक आंधळा भुंगेरा आणि हिरण्यकेशीचा मासा

मालवणहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढून कधी गेलात, तर हिरण्यकेशीचे उगमस्थान जरूर पाहा. डोंगरातील एका गुहेतून पाणी बाहेर येते आणि देवळाजवळच्या कुंडात साठते. समुद्र इतका जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, पूर्वेकडे वाहत जाऊन घटप्रभेला मिळते आणि पुढे तिचे पाणी कृष्णेत जाते.

या कुंडात तळाशी राहणारा एक लहानसा मासा आहे. देवदर्शनाला येणाऱ्या कितीतरी जणांनी तो पाहिला असेल. पण विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती २०२० साली. जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यन या तिघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले.

तुम्ही विचाराल, जो मासा सर्वांना दिसत होता त्याचा ‘शोध’ कसला? प्रश्न योग्य आहे. नवी जात ठरवायची म्हणजे नुसता प्राणी सापडून भागत नाही. तो आजवर वर्णन झालेल्या सर्व जातभाईंपेक्षा वेगळा आहे, हे सिद्ध करावे लागते. शिस्टुरा प्रजातीच्या माशांना तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या असतात आणि बहुतेकांच्या अंगावर आडवे-उभे पट्टे असतात. म्हणून अभ्यासक शरीराची मापे घेतो, परांतील किरण मोजतो, पट्ट्यांची ठेवण पाहतो आणि जुन्या वर्णनांशी एकेक गोष्ट ताडून पाहतो. सर्व पडताळणी झाल्यावर एक नमुना ‘आदर्श नमुना’ म्हणून निवडून संग्रहात जपून ठेवतात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याने तो नमुना काढून पाहावा! शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दोन्ही मिळून जातीचे नाव होते. प्राण्यांच्या नावांची ही गणना लिनीअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात.

आता एकदा नाव मिळाले की त्या जीवाचे भले झाले असे समजावे काय? याचे उत्तर युरोपातील एक भुंगेरा देतो.

बागेतला दगड उलटला की काळे, चपळ भुंगेरे सैरावैरा पळतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्यांतील पुष्कळसे भूभुंगेऱ्यांच्या कुळातले. जगात या कुळाच्या हजारो जाती आहेत. त्यांपैकी काहींनी गुहेत बिऱ्हाड केले. तेथे कायमचा काळोख असतो आणि अन्न तुटपुंजे असते. जे डोळे उपयोगी नाहीत ते राखण्यात फायदा नसतो. म्हणून लाखो पिढ्यांत त्यांचे डोळे लोपले, रंग फिका झाला आणि चाचपडत भक्ष्य शोधण्यासाठी पाय व स्पर्शिका लांबल्या. स्लोव्हेनियातील गुहांत अशी एक प्रजाती राहते. तिचे नाव ‘अनॉफ्थाल्मस’, म्हणजे ग्रीक भाषेत ‘डोळे नसलेला’.

या प्रजातीतील जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या एका तपकिरी भुंगेऱ्याचे वर्णन ऑस्कर शायबेल या कीटक-अभ्यासकाने १९३७ साली प्रसिद्ध केले. त्याला हिटलरचे कौतुक होते. त्याने नाव ठेवले ‘अनॉफ्थाल्मस हिटलरी’. शेवटची ‘ई’ लॅटिन भाषेतली, अर्थ ‘हिटलरचा’. नाव कोणाला आवडत नाही एवढ्या कारणाने ते बदलता येत नाही. नियमांनुसार दिलेले नाव टिकते. पुढे झाले असे, की हिटलरच्या काळातील वस्तू जमवणाऱ्या लोकांना या भुंगेऱ्याचा हव्यास सुटला. मोजक्या गुहांत राहणारा बिचारा जीव, पण त्याला पकडून विकण्याचा चोरटा धंदा सुरू झाला. ज्याला डोळेच नाहीत, त्याच्यावर माणसाची नजर पडली ती केवळ नावामुळे!

हिरण्यकेशीच्या माशाच्या नावाने मात्र उलट काम केले. कुंडातील हा मासा दुर्मिळ आहे, मासेमारीने तो नष्ट होऊ नये, हे ध्यानात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२१ साली हे ठिकाण जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्यात अशी तरतूद आहे. जो जीव नोंदीत नाही, त्याच्यासाठी कायदा काय करणार? नाव आधी, संरक्षण मागाहून.

एक मासा आणि एक कीटक. दोघांत साम्य एवढेच, की दोघांचे घर फार लहान आहे. गुहेतील भुंगेरा उन्हातून चालत दुसऱ्या डोंगराच्या गुहेत जाऊ शकत नाही. झऱ्यातला मासा झरा बिघडला तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवू शकत नाही. असे घर मोडले की जातच संपते, आणि आदर्श नमुना तेवढा बाटलीत उरतो.

तेव्हा मित्रांनो, आंबोलीला गेलात तर कुंडात हात घालून मासा पकडू नका. पाण्यात निर्माल्य व पिशव्या टाकू नका. आपल्या गावच्या ओहोळाकाठी मात्र एखादा दगड अवश्य उलटा. जे दिसेल त्याचे चित्र काढा, तारीख व जागा वहीत टिपा, आणि दगड होता तसा परत ठेवा. तो दगड कोणाचे तरी छप्पर आहे.